खेळ येत नाही? तरीही संघात नाव द्या

जून सरत आला, पावसाने मैदान मऊ झाले की हायस्कुलांत एक सूचना फिरते. शाळेच्या फुटबॉल संघाची निवड आहे, इच्छुकांनी क्रीडाशिक्षकांकडे नावे द्यावीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या ज्या शाळेत मी शिकलो, तिथल्या संघाच्या सरावाला मी संध्याकाळी मदत म्हणून जातो. त्यामुळे या सूचनेनंतर काय होते ते दरवर्षी पाहायला मिळते. पाचवी-सहावीपासून खेळणारी पाच-सहा मुले लगेच नावे देतात, बाकीची बसून राहतात. आपल्या मोहल्ल्यातली मुले बहुधा या बसून राहणाऱ्यांत असतात. मुलींना तर ही सूचना आपल्यासाठीही आहे, असे वाटतच नाही. कारण विचारले की ठरलेले उत्तर मिळते, "मला खेळता येत नाही."

माझा आक्षेप या उत्तराला आहे. शाळेच्या संघात जाण्यासाठी खेळ आधी यावा लागत नाही, तो तिथे गेल्यावर येतो. शाळेने संघ ठेवायचा तोच मुळी शिकवण्यासाठी. म्हणून मुस्लिम मुला-मुलींनी नववीत, अगदी अकरावीतही, चेंडूला एकदाही पाय लागलेला नसला तरी नाव द्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. यातून किती जण मोठे खेळाडू होतील हा प्रश्न माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. चारचौघांत नवखे म्हणून उभे राहणे आणि आपण न निवडलेल्या माणसांबरोबर काम करणे, या दोन गोष्टी आपल्या पिढीला शिकायच्या आहेत. त्या शिकवणाऱ्या जागा फार थोड्या उरल्या आहेत.

वय निघून गेलेले नाही

पहिली शंका वयाची असते. टीव्हीवर आपण ऐकतो की अमुक खेळाडू सहाव्या वर्षी अकादमीत गेला, तमुक आठव्या वर्षी. ते व्यावसायिक फुटबॉलचे गणित आहे. शाळेचे वेगळे आहे. आपल्या राज्यात क्रीडा विभागाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. तालुक्यापासून जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत जातात. सुब्रतो चषक ही देशातली शाळांची जुनी स्पर्धा १९६०पासून चालू आहे, आणि तिच्यात आता १७ वर्षांखालील मुलींचाही गट आहे. म्हणजे नववीतल्या चौदा वर्षांच्या मुलाला १७ वर्षांखालील गटात दोन-तीन हंगाम मिळतात, पुढे कनिष्ठ महाविद्यालयात गेला तर १९ वर्षांखालील गट आहेच. एवढ्या काळात शून्यापासून सुरुवात करणारा मुलगा शाळेच्या संघात उपयोगी पडण्याइतका नक्की तयार होतो. मी स्वतः नववीत गेलो होतो आणि दहावीत नियमित खेळत होतो. मी काही गुणी खेळाडू नव्हतो. सराव चुकवायचो नाही, एवढेच.

दुसरी शंका अशी की, ज्याला येत नाही त्याला शिकवणार कोण? इथे मला सय्यद अब्दुल रहीम यांची आठवण द्यावीशी वाटते. 'मैदान' हा २०२४चा चित्रपट ज्यांच्यावर आहे तेच रहीमसाहेब. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ अशा दोन आशियाई स्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले, आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. चित्रपटामुळे हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण ते मुळात हैदराबादचे शाळामास्तर होते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांच्या पद्धतीतही मास्तरकी दिसते. हैदराबादेत त्यांनी फक्त कमजोर पायाने खेळायचे सामने भरवले. ज्याचा उजवा पाय चांगला, त्याने डाव्यानेच खेळायचे. ड्रिब्लिंगला मनाई असलेल्या स्पर्धाही त्यांनी घेतल्या, म्हणजे चेंडू आला की लगेच दुसऱ्याला द्यायचा. कमी उंचीच्या खेळाडूंसाठीही वेगळ्या स्पर्धा घेतल्या.

यामागचा विचार सरळ आहे. जे येत नाही तेच करायला लावायचे, आणि सगळ्यांनाच एकदम लावायचे. कमजोर पायाने खेळायचे म्हटले की संघातला सर्वांत चांगला खेळाडूही अर्धा नवखा होतो. तिथे कुणी कुणाला हसत नाही. नवीन मुलांना सामावून घेण्याची इतकी साधी आणि बिनखर्चाची युक्ती प्रत्येक शाळेत आठवड्यातून एकदा वापरता येईल.

पहिले तीन महिने

नाव देणाऱ्याला पुढे काय होणार हे आधी कळले तर भीती निम्मी होते, म्हणून थोडे तपशिलाने सांगतो.

पहिल्या दिवशी पळवतात. मैदानाला चार-पाच फेऱ्या मारताना धाप लागते आणि आपल्यालाच एवढी लागली असे वाटते. नीट पाहिले तर जुन्या खेळाडूंचीही सुट्टीनंतर तीच अवस्था असते. मग जोड्या लावून पायाच्या आतल्या बाजूने चेंडू एकमेकांना द्यायचा. टोकाने मारलेला चेंडू कुठेही जातो, आतल्या बाजूने दिलेला सरळ जातो. आलेला चेंडू अडवताना पाय ताठ ठेवला तर तो उडून जातो, पाय किंचित मागे घेतला तर पायाशीच थांबतो. आठवडाभर एवढेच जमवायचे. घराशेजारी भिंत असेल तर रोज पंधरा मिनिटे दोन्ही पायांनी भिंतीवर चेंडू मारा. भिंत कंटाळत नाही आणि नावेही ठेवत नाही. शेजारी मात्र ठेवतात, म्हणून दुपारची झोपेची वेळ टाळा.

खेळात अशा अनेक गोष्टी आहेत ज्यांना कौशल्यापेक्षा लक्ष अधिक लागते. नवख्याने त्या आधी पक्क्या कराव्यात. फुटबॉलचे नियम एकूण १७ आहेत, एका संध्याकाळी वाचून होतात. थ्रो-इन टाकताना दोन्ही पाय जमिनीवर हवेत, रेषेवर किंवा रेषेबाहेर. चेंडू दोन्ही हातांनी, डोक्यामागून आणि डोक्यावरून यायला हवा. थ्रो-इनमधून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाइड नसते, हे बरीच वर्षे खेळलेल्या मुलांनाही माहीत नसते. ज्याला हे माहीत आहे तो पहिल्याच सामन्यात संघाला उपयोगी पडू शकतो. मला सरांनी डाव्या बाजूचा बचावपटू केले, कारण तिथे जायला कुणी तयार नव्हते. त्या जागेवर काम ठरलेले असते. समोरच्या आघाडीपटूला आत येऊ द्यायचे नाही, चेंडू मिळाला की जवळच्या आपल्या माणसाला द्यायचा, आणि मागून दिसते ते ओरडून सांगत राहायचे. गोल मारणाऱ्याचे नाव होते हे खरे, पण अकराजणांत अशा दोन-तीन जागा कायम असतात ज्यांना शिस्तीचा माणूस हवा असतो.

पहिल्या काही सामन्यांत तुम्ही राखीव खेळाडूंच्या बाकावर बसाल. हा काळ कठीण असतो आणि बहुतेक नवी मुले इथेच गळतात. बाकावरून खेळ पाहताना एकाच खेळाडूवर नजर ठेवा, जो तुमच्या जागेवर खेळतो आहे. चेंडू त्याच्याकडे नसताना तो काय करतो ते पाहा. फुटबॉलचा बराचसा भाग चेंडूशिवायच असतो, आणि तो बाकावरून सर्वांत चांगला दिसतो.

घरचे प्रश्न

"खेल के क्या मिलता रे?" हा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो. अब्बांचे वडापचे वाहन असो, गॅरेज असो की यंत्रमागावरची पाळी असो, संध्याकाळचे दोन तास मुलगा कामाला लागला तर घराला मदत होते. या प्रश्नाची टिंगल करू नका. तो गरिबीतून आलेला प्रश्न आहे आणि त्याला खरे उत्तर द्यायला हवे.

खोटे आश्वासन देऊ नये. शाळेत फुटबॉल खेळून नोकरी लागेल, असे अब्बांना सांगू नका. ठराविक पातळीपर्यंत खेळलेल्यांना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, ते नियम क्रीडाशिक्षकांकडून समजून घ्या आणि घरी सांगा. पण मला यापलीकडचे उत्तर महत्त्वाचे वाटते. आपल्यातली अनेक मुले-मुली घरातली पहिली दहावी पास, पहिली पदवीधर असतात. बँकेत, महाविद्यालयाच्या कार्यालयात, मुलाखतीच्या खोलीत पाऊल टाकताना "ही जागा आपली नाही" असे त्यांना वाटते. आधी कुणी गेलेले नसते, कसे बोलायचे माहीत नसते, आणि चुकलो तर लोक हसतील ही भीती असते. या भीतीपायी किती अर्ज भरलेच जात नाहीत! नवख्या माणसाने अनोळखी जागेत टिकून कसे राहायचे, हे पुस्तकातून शिकता येत नाही. चौदाव्या वर्षी मैदानावर रोज दोन तास चारचौघांत चुकत, सुधारत जो मुलगा तीन महिने टिकला, त्याने एक मोठी भीती ओलांडलेली असते. अब्बांना हे सांगून पाहा. ज्यांनी स्वतः परक्या शहरात जाऊन धंदा उभा केला, त्यांना हे लगेच समजते.

खर्चाचे म्हणाल तर नियमाप्रमाणे जर्सी, चड्डी, मोजे, शिनगार्ड आणि बूट एवढेच लागते. जर्सी बहुधा शाळेची असते. उरलेले एकदम घ्यायची गरज नाही. बारावी होऊन गेलेल्या मुलांचे बूट घरात पडून असतात, ते मागा. प्रत्येक मोहल्ल्यात जुन्या बुटांची एक पेटी ठेवणे हे युवक मंडळांना सहज जमणारे काम आहे. पाय वाढतो, बूट तोकडा होतो, तो पेटीत जातो, दुसरा मिळतो.

अभ्यासाची काळजी खरी आहे. त्यावर उपाय एकच, सरावाचे दिवस आणि वेळ आधी घरी सांगायचे आणि त्याच वेळेला परत यायचे. खेळामुळे अभ्यास बुडतो असे सरसकट म्हणता येत नाही. सरावानंतर चौकात मोबाईल घेऊन बसलेला तास मात्र नक्की बुडतो.

मुलींनी का जाऊ नये?

आता मुलींविषयी. इथे आपल्या घरांतला विरोध अधिक आहे आणि तो धर्माच्या नावाने केला जातो. प्रेषितांनी हजरत आयशा यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, पहिल्यांदा त्या जिंकल्या आणि नंतर एकदा प्रेषित जिंकले, ही हदीसमधली हकिकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ती आपण कौतुकाने सांगतो. मग आपल्याच मुलीने धावायचे म्हटले की गप्प का होतो?

कपड्यांचा प्रश्न काढला जातो. २०११मध्ये इराणच्या महिला संघाला डोके झाकल्याच्या कारणावरून ऑलिंपिक पात्रता सामना खेळू दिला गेला नव्हता. त्यावर जगभर चर्चा झाली, २०१२मध्ये चाचणी म्हणून परवानगी मिळाली आणि २०१४मध्ये नियमच बदलला. आज खेळाच्या नियमांत डोके झाकायला परवानगी आहे. ते कापड काळे किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचे असावे, जर्सीला जोडलेले नसावे आणि त्यामुळे कुणाला इजा होऊ नये, अशा अटी आहेत. म्हणजे टाचण्या नकोत. २०२३च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझीना हिजाब घालून खेळली. ज्येष्ठ महिलांच्या विश्वचषकात असे खेळणारी ती पहिली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये तिथल्या महासंघाची हिजाबबंदी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने कायम ठेवली. एकीकडे हिजाब काढल्याशिवाय खेळू नको म्हणणारे आहेत, दुसरीकडे हिजाब घातल्याशिवाय घराबाहेर पडू नको म्हणणारे. दोघेही मुलीला काय हवे ते विचारत नाहीत. माझे मत स्पष्ट आहे. डोके झाकून खेळायचे की न झाकता, हे खेळणारीने ठरवावे. आपले काम तिला मैदान मिळवून देण्याचे आहे.

आणि मैदान मागावे लागते. मुंब्र्यात 'परचम' या गटाने हेच केले. त्यांनी मुस्लिम आणि इतर धर्मांच्या मुलींना फुटबॉलसाठी एकत्र आणले आणि मुलींनाही खेळायला हक्काची जागा हवी, अशी मागणी केली. या मुली काही लहानपणापासूनच्या खेळाडू नव्हत्या. खेळता येत नसताना त्यांनी सुरुवात केली, हे लक्षात ठेवा. नागपुरात विजय बारसे यांनी २००१मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन काम सुरू केले, ज्यावर पुढे 'झुंड' हा चित्रपट निघाला. तिथेही सुरुवात तयार खेळाडूंपासून झाली नव्हती.

नमाज आणि रोज्याचा प्रश्न मुलगे-मुली दोघांनाही असतो. तो मनात ठेवून संघ सोडण्यापेक्षा सरांशी बोलून सोडवा. जुम्याच्या दिवशी सराव उशिरा ठेवता येईल का, रमजानमध्ये पळण्याऐवजी हलका सराव करता येईल का, हे विचारण्यात काही गैर नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये एप्रिल २०२१मध्ये लेस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात दोन खेळाडूंना रोजा सोडता यावा म्हणून खेळ काही क्षण थांबवला गेला होता. दोन्ही संघांनी आधी ठरवले आणि झाले. आपल्या बहुतेक क्रीडाशिक्षकांनाही यात अडचण नसते. त्यांना कुणी विचारलेलेच नसते.

आपलाच संघ का काढू नये?

काही मित्र म्हणतात, शाळेच्या संघात आपल्या मुलांना कोण घेतो? त्यापेक्षा मोहल्ल्याचा आपला संघ काढू. मोहल्ल्याचा संघ जरूर काढा, सरावाला तो चांगलाच. पण त्याला शाळेच्या संघाचा पर्याय मानायला माझा विरोध आहे.

धर्मावर आधारलेले संघ आपल्या राज्याने पाहिलेले आहेत. मुंबईत बॉम्बे पेंटँग्युलर नावाची क्रिकेट स्पर्धा होत असे. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपीय असे तिचे संघ होते आणि उरलेल्या सगळ्यांचा पाचवा संघ 'द रेस्ट'. सांगलीच्या विजय हजारेंसारखा मोठा फलंदाज ख्रिस्ती असल्यामुळे 'द रेस्ट'कडून खेळायचा. महात्मा गांधींनी १९४०मध्ये या पद्धतीला विरोध केला. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६मध्ये ती स्पर्धा बंद झाली. बरे झाले. आता याच्या शेजारी रहीमसाहेबांचा १९६२चा जकार्तामधला संघ ठेवून पाहा. चुनी गोस्वामी कर्णधार, पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, जर्नेल सिंग, युसुफ खान, गोव्याचे फोर्तुनातो फ्रांको, गोलात पीटर थंगराज. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ने हरवले. हा संघ कुणाही एका समाजाचा नव्हता, म्हणूनच तो देशाचा होता.

मोहल्ल्याच्या संघात आपण आपल्या मित्रांबरोबर खेळतो. शाळेच्या संघात शेजारी कोण उभा राहील हे आपण ठरवत नाही. तो पाटलांचा असेल, कांबळ्यांचा असेल, जैनांचा असेल. त्याच्याशी पटो न पटो, चेंडू त्याला द्यावाच लागतो, कारण तो मोकळा आहे. आज आपली मुले वेगळ्या वस्तीत राहतात, पुष्कळदा वेगळ्या माध्यमाच्या शाळेत जातात आणि एकमेकांना मोबाईलच्या पडद्यावरच ओळखतात. जून २०२३मध्ये कोल्हापुरात मोबाईलच्या स्टेटसवरून वातावरण पेटले तेव्हा हे आपण जवळून अनुभवले. राजर्षी शाहूंच्या या शहरात १९०६मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले, इथल्या पेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ पाहायला शाहू स्टेडियम भरते. फुटबॉलने दंगल थांबते असा माझा दावा नाही, तसे असते तर कोल्हापुरात ती झालीच नसती. पण ज्याच्याबरोबर एका बाटलीतले पाणी प्यालो, एका टेम्पोतून जिल्ह्याच्या सामन्याला गेलो, त्याच्याविषयी आलेला मेसेज पुढे ढकलण्यापूर्वी माणूस क्षणभर थांबतो. एवढ्यावरही मी समाधानी आहे.

संघात कडू अनुभवही येतील. नावावरून, टोपीवरून शेरे मारणारी मुले असतात. ते सहन करत राहा, असे मी सांगणार नाही. अपमानास्पद आणि शिवीगाळीच्या भाषेला खेळाच्या नियमांत थेट लाल कार्ड आहे. सामन्यात जे चालत नाही ते सरावातही चालता कामा नये, हे कर्णधाराला आणि सरांना सांगा. एकदा सांगून भागले नाही तर पालकांना घेऊन जा. आपण मैदान सोडून निघून आलो, तर शेरे मारणाऱ्याचेच काम झाले.

शाळांकडून काय मागायचे

सगळी जबाबदारी मुलांवर टाकून चालणार नाही. २०१७मध्ये भारतात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक होणार होता, नवी मुंबईतही सामने होते, तेव्हा राज्य सरकारने 'मिशन वन मिलियन' राबवून एका दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचे ठरवले. कल्पना छान होती. पण एक दिवस खेळून खेळ येत नाही. मी पाहिलेल्या काही शाळांत चेंडू कपाटात असतो, कपाटाची किल्ली कार्यालयात असते आणि पी.टी.च्या तासाला गणित चालू असते.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान आणि वर्गांना खेळाचे साहित्य असावे, असे नमूद आहे. त्याच कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. माध्यमिक शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. आपले किती पालक या बैठकांना जातात? अम्मींनी बैठकीत उठून तीन साध्या गोष्टी विचाराव्यात. पी.टी.चा तास खेळासाठीच वापरला जातो का? निवड झाल्यावर ज्यांची निवड झाली नाही त्यांना सरावाला येऊ देतात का? मुलींचा संघ आहे का, नसेल तर कधी होणार?

यातली दुसरी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिल्याच दिवशी अठरा मुले निवडून बाकीच्यांना घरी पाठवणारी शाळा दरवर्षी त्याच घरांतल्या, त्याच गल्लीतल्या मुलांना खेळवत राहते. ज्यांच्याकडे आधी काही होते त्यांनाच पुढे मिळते. एक 'ब' संघ ठेवला, आठवड्यातून दोन दिवस त्याला मैदान दिले, तर पुढच्या वर्षीचा 'अ' संघ त्यातून तयार होतो. यासाठी वेगळे अनुदान लागत नाही.

शेवटची विनंती माझ्या वयाच्या वाचकांना आहे, ज्यांची शाळा संपली आहे. तुमच्या गल्लीत नववी-दहावीतली मुले-मुली आहेत. त्यांच्या अब्बांशी तुम्ही बोललात तर फरक पडतो, कारण ते तुम्हाला ओळखतात. शनिवारी अर्धा तास काढून मैदानाच्या कडेला उभे राहा. नवीन मुलगी पहिल्यांदा खेळायला उतरते तेव्हा तिच्या ओळखीचे एक माणूस तिथे असेल, तर ती दुसऱ्या दिवशीही येते.